कौल मिळाला, ताट नाही

आधी हे सांगून टाकते, कारण शेवटी सांगितलं तर तुम्ही म्हणाल ठेकेदाराने हिला गप्प केलं: जेवण वाईट नव्हतं.

मी रुग्णमित्र आहे. म्हणजे काय, ते आमच्या आईलाही अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना 'हॉस्पिटलात असते' एवढंच सांगते आणि शेजारणी विचारतात, आता बरी आहे ना? मी डॉक्टर नाही, नर्स नाही, सरकारी पगारावरची समाजसेविकाही नाही. केसपेपर हातात धरून जिन्यावर बसलेल्या माणसाला कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगणं, रक्त कुठे मिळेल ते शोधणं, योजनेत बसणारं ऑपरेशन कोणी योजनेबाहेर ढकललं तर भांडणं, हे माझं काम. राहते डोंबिवलीत, संघटनेची खोली ठाण्याला माजिवड्याच्या आतल्या गल्लीत, आणि ज्या सरकारी हॉस्पिटलबद्दल लिहितेय ते ह्या पट्ट्यात कुठेतरी आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्यांना वाटेल आपण सुटलो.

लिहायला मी पत्रकांवर शिकले. एकच कागद, दोन्ही बाजूंनी, वाचणारा उभा आहे आणि त्याला घाई आहे असं धरून. त्यामुळे वॉर्डातली माणसं वाळत चाललीत, जेवणाचं काहीतरी बघा, अशी तक्रार आली तेव्हा माझं पत्रक डोक्यात छापूनच झालेलं. ठेकेदार, पाण्यासारखी डाळ, भातात खडे. पुरावा गोळा करायला मी रोज जेवणाच्या गाडीमागे फिरायला लागले. तर डाळ घट्ट. चपाती जाड, पण चपातीच. सकाळी दूध, उकडलेलं अंडं, केळं. मी स्वतः खाऊन पाहिलं, स्टेशनबाहेरच्या दोन-चार खाणावळींपेक्षा बरं होतं. मला भयंकर राग आला. ठेकेदार चोर निघाला असता तर काम एका बैठकीत झालं असतं.

मग माणसं वाळत का होती? ते कळायला गाडी सोडून कॉटपाशी उभं राहावं लागलं.

गाडी वॉर्डाच्या दारात थांबते. मावशी हाक देतात, जेवण घ्या. ताट आपलं आणायचं, अशी रीत आहे. हॉस्पिटल अन्न देतं, ताट देत नाही. घरचं माणूस सोबत असेल तर ते ताट घेऊन रांगेत उभं राहतं. आता गंमत बघा. गाडी येते नेमकी मोठ्या डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी, आणि राउंडच्या वेळी सिक्युरिटीवाले नातेवाइकांना बाहेर काढतात. म्हणजे जेवण दारात, ताट कॉटखाली, आणि ताट धरणारा माणूस जिन्याखाली.

सुरुवातीलाच पाहिलेला एक पेशंट सांगते. माजिवड्याच्या पुलाखाली बेशुद्ध सापडलेला, नाव-गाव कोणाला माहीत नाही, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. ताट कुठून आणणार? मावशी मनाने चांगल्या. त्यांनी डाळभात प्लास्टिकच्या पिशवीत भरला, सांडू नये म्हणून घट्ट गाठ मारली आणि त्याच्या उशाशी ठेवला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाने ती गाठ कशाने सोडायची? संध्याकाळी पिशवी तशीच उचलताना मावशी म्हणाल्या, "ह्याला भूकच नाही वाटतं."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी म्हटलं तर माझं डोकं फिरतं. हॉस्पिटलात कोणालाच भूक नसते. सगळे पेशंट असे एकाच वेळी संन्यासी कसे होतात?

आता कदमकाकांचं सांगते. हा सगळा लेख त्यांच्या पायासाठी आहे.

दत्ताराम कदम, साठीच्या आसपासचे. तरुणपण मोहन्याच्या कारखान्यात गेलं, कारखाना बसल्यावर शीळफाट्याच्या एका गोदामावर वॉचमन झाले. ड्युटी संपवून रस्ता ओलांडताना टेम्पोने उडवलं. गुडघ्याखालचं हाड मोडून बाहेर आलेलं. हाडाला बाहेरून सळ्या लावून ते धरलं, पण नडगीवर पंजाएवढी जखम उघडी राहिली. तिच्यावर दुसरीकडचं मांस आणि कातडी आणून लावायची, असं ऑपरेशन ठरलं. ते करणारे प्लास्टिक सर्जन बाहेरून यायचे, फक्त बुधवारी. बुधवार लक्षात ठेवा.

सर्जननी राउंडला जखम बघितली, रक्ताचे रिपोर्ट बघितले, शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बरंच काही बोलले आणि निघताना कदमकाकींना मराठीत सांगितलं, "ह्यांच्या अंगात काहीच नाही. लावलेलं मांस धरणार कशावर? अंडी, मासे, डाळ, चांगलं खाऊ घाला. नाहीतर पाय जाईल." आणि पुढच्या कॉटवर गेले. इलाज सांगितला, बरोबर सांगितला. पण ती बाई ते करू शकते का, हे विचारायला त्यांना थांबता आलं नाही.

ती करू शकत नव्हती. कारण कदमकाकींनी नवस बोललेला.

काकी मोहन्यात दोन-तीन घरी पोळ्या करतात. दोघं मूळचे लांज्याच्या पुढचे. अपघात झाला त्या दिवशी कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर, आत काय चाललंय ते कळत नसताना, त्यांनी गावच्या देवाला सांगितलं की माझा माणूस स्वतःच्या पायांनी चालत घरात येईपर्यंत घरात अंडं-मासळी शिजणार नाही, कोणाच्या तोंडी लागणार नाही. कोकणातल्या माणसाकडे सोडण्यासारखं मोठं काय असतं? मासे. त्यांनी सगळ्यात मोठं होतं ते देऊन टाकलं.

वर शेजारणींनी सांगितलेलं, जखमेला डाळ दिली की टाके पिकतात. हे तुम्हीही ऐकलं असेल. ऐकलं असेल कसलं, पाळलंही असेल. त्यामुळे डाळही बंद. राहिलं काय? पेज. भेटायला येणारे शहाळी आणायचे, त्यांची कॉटखाली रांग लागलेली. सकाळचं हॉस्पिटलचं अंडं काकी न चुकता शेजारच्या कॉटवरच्या रिक्षावाल्याला द्यायच्या. त्याचा खांदा असा झकास भरून आला की डॉक्टर त्याला शाबासकी देऊन गेले.

काका मात्र उतरत चाललेले. गालाची हाडं वर आली, हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. मी काही बोलले की हसायचे. म्हणायचे, "देवाला मासे दिले, डॉक्टर मासे मागतो. दोघांचं भांडण मिटेपर्यंत मी पेज पितो."

मी काकींशी भांडले. मग जे येतं ते केलं, पत्रक काढलं: डाळीने टाके पिकत नाहीत, जखम भरायला शरीराला नुसती पेज पुरत नाही, विटा लागतात, अंडं-दूध-डाळ-मासे ह्या त्या विटा. वॉर्डभर वाटलं. काकींनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोन्ही बाजू. मग घडी घालून डब्याखाली ठेवलं.

"चांगलं लिवलंस गो," त्या म्हणाल्या. "डाळ देते उद्यापासून. पण नवस मी डॉक्टरांसमोर नाय बोललेले. ज्याच्यासमोर बोलले त्याला नेऊन दे तुझा कागद."

मी म्हटलं, काकी, पाय गेला तर? त्या म्हणाल्या, नवस मोडला आणि मग पाय गेला तर? तेव्हा गावात तोंड दाखवायला तू येशील का? संघटनेतले आमचे सगळे म्हणाले, अंधश्रद्धेवर एक जोरदार पत्रक काढू. मी म्हटलं, काढा, आणि लांज्याला पोस्टाने पाठवा.

गाठ सोडवली ती जाधव सिस्टरनी. ह्या वॉर्डाच्या इन्चार्ज. मला बघितलं की "आल्या पत्रकवाल्या" म्हणणार, माझ्या हातातलं भेळेचं पाकीट वॉर्डाबाहेर ठेवायला लावणार, पण कॉटवरची चादर बदललेली नसेल तर मावशींना जे ऐकवतील ते मला पत्रकात लिहिता येणार नाही. इंजेक्शन भरता भरता त्या काकींना म्हणाल्या, "अहो, मी राजापूरची सून आहे. आमच्याकडे देवाला विचारतात. तुमच्याकडे कौल लावत नाहीत का?"

काकींनी पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, लावतात की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणात देवाला प्रश्न विचारायचा तर गुरव देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. काकींचे दीर गावात असतात. त्यांना फोन लागला. ते म्हणाले, दुपारी गुरवाला घेऊन देवळात जातो, तुम्ही फोन चालू ठेवा.

म्हणून त्या दुपारी मी, शास्त्रीय दृष्टिकोनावर शिबिरं घेणारी मुलगी, एका सरकारी वॉर्डात मोबाइल स्पीकरवर लावून कॉटपाशी उभी होते. रेंज जात-येत होती. गुरवाचा आवाज आला, "बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू आज दूर मुलखात खाटेवर पडलो हा..." आणि प्रत्येक वाक्यानंतर तिकडून दीर आणि इकडून काकी म्हणायच्या, "व्हय म्हाराजा." तिसऱ्या वाक्यापर्यंत रिक्षावालाही म्हणायला लागला. पाचव्या वाक्याला अर्धा वॉर्ड. समोरच्या कॉटवरचे भिवंडीचे चाचा काय चाललंय ते न समजता हात वर करून आमीन म्हणाले. जाधव सिस्टर आल्या, फोन मोठ्याने कोणी लावलाय म्हणून विचारणार होत्या, आणि सलाइनचा स्टँड धरून तिथेच उभ्या राहिल्या.

प्रश्न घातला: नवस सोडू का?

पंख्याची घरघर. मग दिरांचा आवाज, "डावी पडली, वहिनी."

काकींचा चेहरा मी विसरणार नाही. काका छताकडे बघत होते. मला तो फोन हिसकावून गुरवाला चार शब्द ऐकवायचे होते. पण पलीकडे गुरव दिरांनाच सांगत होता की असं विचारतात का, देवाला दिलेला शब्द सोडू का म्हणून? तो हो कसा म्हणेल? नीट विचारा. शब्द बाईने दिला. बाईने तो स्वतःच्या तोंडापुरता पाळावा, शिजवावं, आणि माणसाने औषध म्हणून खावं, असं चालेल का म्हणून विचारा.

पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा अख्खा वॉर्ड व्हय म्हाराजा. आणि खोटं कशाला सांगू, मीही श्वास रोखलेला.

"उजवी," दीर म्हणाले. "खणखणीत उजवी."

रिक्षावाल्याने टाळी दिली. जाधव सिस्टर "चला, झालं ना, फोन बंद" म्हणून वळल्या, पण दाराशी जाऊन मावशींना सांगितलेलं मी ऐकलं, की उद्यापासून सात नंबर कॉटचं अंडं सात नंबरच्याच पोटात गेलं पाहिजे. मला त्या कौलातही राग येण्यासारखं पुष्कळ दिसत होतं. खाणार तो आणि सोडणार ती, हा न्याय देवाचा की गुरवाचा? पण काकी डोळे पुसत हसत होत्या आणि काकांनी त्यांना विचारलं, "आता बांगडा आणशील की अंड्यावर भागवशील?" मी स्वतःलाच म्हटलं, गप्प बस, हे भांडण नंतर.

काका खायला लागले. सकाळी अंडं, दुपारी डाळ, काकींच्या डब्यातून कधी बांगडा, कधी सुकट. डबा उघडला की वॉर्डभर वास सुटायचा आणि सगळे कण्हायचे, जखमेने नव्हे. घड्याळ कोपरावरून खाली यायला लागलं. जखमेच्या कडांना गुलाबी रंग आला. सर्जननी बघितलं, म्हणाले छान, येत्या बुधवारी घेऊ.

इथपर्यंतची गोष्ट मी भाषणात सांगते तेव्हा लोक खूश होतात. पुढची सांगितली की खाली बघतात.

भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो, म्हणून हा नियम. नियम खरा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पोट रिकामं व्हायला काही तास पुरतात, आणि बहुतेक पेशंटना भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. हे मी सांगत नाही, भूलतज्ज्ञच सांगतात, विचारा. वॉर्डात काय होतं? यादीत नंबर पहिला असो की शेवटचा, सगळ्यांना आदल्या रात्रीपासून उपाशी. कॉटला पाटी लावतात, 'उपाशी'. त्या पाटीला पाहिलं की जेवणाची गाडी पुढे जाते.

पहिल्या बुधवारी पाटी लागली. मंगळवारचं जेवण संध्याकाळी लवकरच झालेलं. बुधवारी दुपारी इमर्जन्सी आली, काकांचं ऑपरेशन पुढे गेलं. होतं असं, इमर्जन्सीला आधी घ्यायलाच हवं. पण तेव्हा दुपारची गाडी येऊन गेलेली. संध्याकाळच्या गाडीवर काकांचं जेवण नव्हतं, कारण सकाळी त्यांना उपाशी धरलेलं. पाटी तशीच, त्यामुळे काकींचा डबाही बाहेरच. गुरुवारी सकाळी चहा-बिस्किट.

दुसऱ्या बुधवारी ऑपरेशन थिएटरमधलं कसलंसं मशीन बंद. तिसऱ्या बुधवारी सर्जन आलेच नाहीत. दर वेळी तीच पाटी, तोच गुरुवारचा चहा. आठवडाभर काकींनी बांगड्याने भरायचं आणि बुधवाराने ओतून टाकायचं. घड्याळ पुन्हा वर सरकलं. काका आता विनोद करत नव्हते.

चौथ्या बुधवारी मी सकाळपासून तिथे होते. काकी डबा घेऊन वॉर्डाच्या दाराबाहेर. सिक्युरिटीवाल्याने अडवलेलं, पेशंट उपाशी आहे, डबा आत न्यायचा नाही. बरोबरच होतं त्याचं. दुपार कलली. मी थिएटरच्या दाराशी गेले तेव्हा सर्जन हात पुसत बाहेर येत होते. आधीचं ऑपरेशन लांबलेलं, पुढचं आज होणार नाही, हे तिथे सगळ्यांना कधीचं माहीत होतं. वॉर्डात कोणालाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, सर, मग त्यांना जेवू द्या म्हणून सांगा. ते म्हणाले, तो नर्सिंगचा विषय आहे. वाईट माणूस नाही, थकलेला होता, पुढे आणखी एका हॉस्पिटलला पोचायचं होतं. मी वॉर्डात आले. जाधव सिस्टर म्हणाल्या, "लेखी ऑर्डर आणा. मागे एकाला मी स्वतःच्या अकलेने चहा दिलेला. तासाने त्याचं ऑपरेशन परत लागलं आणि मेमो मला आला. ऑर्डरशिवाय पाण्याचा थेंब देणार नाही." ऑर्डर कोण लिहिणार? वॉर्डाचे शिकाऊ डॉक्टर. ते कुठे? दुसऱ्या ऑपरेशनला हात धुऊन आत. बाहेर कधी येतील? आले की येतील.

मी पुन्हा वर, पुन्हा खाली. जिन्यावर कोण काय म्हणालं ते सगळं सांगत बसत नाही. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं, हेच तर सांगतेय. एका माणसाला उपाशी ठेवायला एक पाटी पुरते, ती कोणीही लावतं. ती काढायला मात्र अख्ख्या इमारतीत माणूस सापडत नाही.

बाहेर आले तर काकी डबा मांडीवर घेऊन बाकावर. मी काय झालं ते सांगितलं.

"आमच्या देवाला फोनवरून विचारलं तर त्याने दुपारच्या दुपारी सांगितलं," त्या म्हणाल्या. "डावी पडली तर परत विचारू दिलं. ह्यांच्यात कोणाला फोन लावायचा, ते सांग मला."

त्या उठल्या. सिक्युरिटीवाल्याच्या अंगावरून आत गेल्या, तो बाजूला झाला. कॉटची पाटी काढून त्यांनी उशीखाली ठेवली आणि डबा उघडला. जाधव सिस्टर टेबलामागून उठून आल्या. मला वाटलं आता तमाशा होणार. काकी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "सिस्टर, नवस माझा होता, हा उपासपण मीच सोडते. काय ते माझ्या माथी."

जाधव सिस्टरनी थिएटरला फोन लावला, यादी बंद झाली का एवढंच विचारलं, झाली म्हणून ऐकलं आणि फोन ठेवला. मग कॉटभोवतीचा पडदा ओढून घेतला. बाहेरून. काकांनी पहिला घास घेतला तो आम्हाला कोणाला दिसला नाही.

पाचव्या बुधवारी ऑपरेशन झालं. लावलेलं मांस धरलं नाही. जखमेत पू झाला, मग ताप, मग हाडापर्यंत. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी डॉक्टर नाही. जखमच तशी होती, म्हणतात. चिखलातला जंतू होता, म्हणतात. असेल. पहिले दिवस नवसात गेले, असंही एकाने मला ऐकवलं, आणि ते ऐकवताना त्याच्या आवाजात जे समाधान होतं ते मला अजून टोचतं. काकींच्या अडाणीपणावर बोलायला सगळे तयार. त्यांनी आपली चूक एका फोनवर दुरुस्त केली. बुधवारांचं काय? खाऊ घाला नाहीतर पाय जाईल, असं जे हॉस्पिटल सांगतं तेच त्या माणसाला आठवड्याआड नव्हे, दर आठवड्याला उपाशी ठेवतं, आणि त्याला कोणी अडाणीपणा म्हणत नाही.

आमची मुख्य मागणी एका ओळीची आहे. जो ऑपरेशन रद्द करेल त्यानेच, त्याच क्षणी, जेवण चालू करायचं. फोनवर सांगितलं तरी चालेल. आणि येणाऱ्या प्रत्येकाला ताट द्या, खाता येत नसेल तर भरवायला माणूस द्या, राउंड आणि जेवण एका वेळी नको. ह्याला नवीन इमारत लागत नाही, परदेशी मशीन लागत नाही. निवेदन दिलं. विचाराधीन आहे, असं सांगतात. पिशवीला मारलेली गाठ तशीच आहे आणि समोरच्याचे दोन्ही हात अजून प्लास्टरमध्येच आहेत. ताटांचं मात्र झालं. स्टीलची नवी ताटं आली, ती जाधव सिस्टरनी कपाटाला कुलूप न लावता ठेवलीयेत. तेवढं आमच्या खात्यावर लिहा.

परवा मोहन्याला गेलेले. काका दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, लुंगीची एक बाजू दुमडलेली. कुबड्या भिंतीला. कृत्रिम पायाचं माप दिलंय, यायचाय. मला बघून म्हणाले, "ये, पत्रकवाली. बस जेवायला." काकींनी तीन ताटं घेतली. काकांच्या आणि माझ्या ताटात बांगड्याचं तिखलं. त्यांच्या स्वतःच्या ताटात वरणभात आणि लोणच्याची फोड.

मी म्हटलं, काकी, अजून?

त्या म्हणाल्या, शब्द काय होता? स्वतःच्या पायांनी चालत घरात येईपर्यंत. आले ते उचलून, रिक्षातून. मग भात कालवता कालवता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "तो नवा पाय येईल, त्याच्यावर चालले तर ते चालणं धरतील ना गो?"

कोण धरतील, ते मी विचारलं नाही. दिरांना फोन केला का, एवढं विचारलं. केलेला. गुरव म्हणाला, आधी चालून दाखवू दे, मग देवाला विचारू.

काकांनी काटे काढून एक तुकडा सोडवला आणि काही न बोलता तिच्या ताटाच्या कडेला ठेवायला हात पुढे केला. काकींनी ताट मागे ओढलं. हे रोजचं असावं, कारण दोघांपैकी कोणी थांबलं नाही. ह्या सगळ्या प्रकरणात इतके शिकलेले लोक होते, इतक्या सह्या होत्या, आणि कोणाच्या ताटातलं काही कमी झालं असेल तर ते फक्त हिच्या.

हात धुऊन मी दारात आले आणि वॉर्डात फोन लावला. बुधवार होता. जाधव सिस्टरच होत्या. आजची यादी पूर्ण झाली का, म्हणून विचारलं. दोघांची पुढे गेली, म्हणाल्या.

"मग जेवले का दोघं?"

पलीकडून जेवणाच्या गाडीची चाकं वाजताना ऐकू येत होती, लांब जाताना.

"ऑर्डर यायची आहे," त्या म्हणाल्या.